एक शिक्का, दोन प्रश्न

उत्साही : ज्या स्पोर्ट्स कारसमोर माणसं आजही थबकतात, त्यांचा इतिहास जरा उलगडून बघा. १९६२ मध्ये एसी एस या हलक्या ब्रिटिश गाडीत कॅरल शेल्बी यांनी फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवलं आणि कोब्रा जन्माला आली. १९६४ मध्ये सनबीम अल्पाइन या देखण्या पण मवाळ गाडीत फोर्डचंच ४.२ लिटरचं व्ही-८ गेलं आणि तिची टायगर झाली. केन कॉस्टेलो १९७० च्या सुमारास एमजीबी गाड्यांत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ बसवून विकू लागले, आणि १९७३ मध्ये ब्रिटिश लेलँडनं हीच जोडी कारखान्यातून बाहेर काढली. एका गाडीचं अंग आणि दुसऱ्या गाडीचं इंजिन यांचा मेळ घालणं ही या क्षेत्रातली जुनी, मानाची परंपरा आहे. मग आज एखाद्या हौशी, जाणत्या माणसानं तेच केलं की कायद्याच्या नजरेत तो एकदम संशयित का होतो? त्याला परवानगीसाठी दारोदार का फिरावं लागतं?

साशंक : कारण तुम्ही सांगितलेल्या प्रत्येक उदाहरणात इंजिन बदललं, पण इंजिन एवढंच बदललं नाही. कोब्रासाठी मागचा डिफरन्शियल बळकट करावा लागला. एमजीबी जीटी व्ही-८ साठी कारखान्यानं पुढच्या ब्रेकच्या चकत्या जाड केल्या, रेडिएटरपुढे दोन विजेचे पंखे दिले, गिअरचं गुणोत्तर बदललं. साधी एमजीबी ताशी सुमारे १७० किलोमीटरपर्यंत जायची, व्ही-८ वाली २०० पर्यंत. हा फरक ऐकायला लहान वाटतो. पण ब्रेकनं रिचवायची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. त्याच वजनाची गाडी १७० ऐवजी २०० वरून थांबवायची, तर ब्रेकवरचा भार जवळपास ३८ टक्क्यांनी वाढतो. ज्याला इंजिन उतरवता-चढवता येतं, त्याला हा हिशेब येतोच असं नाही. इंजिन बसलं, सुरू झालं, गाडी पळाली की मालकाला काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. उरलेला हिशेब घाटातल्या उतारावर होतो, आणि तेव्हा रस्त्यावर तो एकटा नसतो. समोरून येणाऱ्या माणसानं त्या हौसेला संमती दिलेली नसते. परवानगीची पद्धत मला हवी आहे ती त्या माणसासाठी.

उत्साही : त्या माणसाची काळजी मलाही आहे, म्हणूनच 'बदलू नका' असं सांगणारा कायदा आणि 'बदला, पण असं बदला' असं सांगणारा कायदा यांत मी फरक करतो. दुसऱ्या प्रकारचा कायदा बघायचा तर जर्मनीकडे बघा. तिथल्या नियमावलीच्या कलम १९ प्रमाणे तीन कारणांनी गाडीची रस्त्यावरची मान्यता संपते : मान्यतेत नोंदलेला गाडीचा प्रकार बदलला, इतरांना धोका संभवू लागला, किंवा धूर वा आवाज वाढला. मोठं इंजिन बसवलं की यातलं काही ना काही लागू होणारच. पण दार तिथे बंद होत नाही. कलम २१ प्रमाणे अधिकृत तज्ज्ञ त्या एकाच गाडीची तपासणी करतो, अहवाल देतो, आणि त्या अहवालावरून नोंदणी कार्यालय कागदपत्रांत नवीन इंजिन चढवतं. तज्ज्ञ काय बघतो? वाढलेल्या ताकदीला ब्रेक पुरतात का, अॅक्सल आणि सस्पेन्शन झेपतात का, धूर आणि आवाज मर्यादेत आहेत का, गाडी चालवताना कशी वागते. पोर्शे ९१४ घ्या. ती मुळात फोक्सवॅगनच्या चार सिलिंडरच्या इंजिनाची. तिच्यात ९११ चं सहा सिलिंडरचं इंजिन बसवायचं असेल, तर शहाणा मालक आधी कारखान्याची ९१४/६ बघतो. त्या गाडीला पोर्शेनं सहा सिलिंडरबरोबर पुढे हवेशीर ब्रेक आणि पाच बोल्टांचे हब दिले होते. तेच भाग आपल्या गाडीला लावतो आणि तज्ज्ञापुढे उभा राहतो. तज्ज्ञाच्या हातात तुलनेला एक सिद्ध झालेली गाडी असते. जाणता मालक तर पाना हातात घेण्याआधीच तज्ज्ञाला भेटून काय चालेल, काय नाही हे ठरवून घेतो. कायदा इथे कामाचा पहिला आराखडा होतो. तुमच्या घाटातल्या माणसाला यापेक्षा चांगलं संरक्षण कुठलं?

साशंक : पद्धत उत्तम आहे, हे मान्य. पण ती कुठे पोचते आणि कुठे पोचत नाही, तेही बघा. तुमच्या ९१४ ला तुलनेसाठी ९१४/६ आहे म्हणून काम सोपं झालं. ज्या गाडीची तशी थोरली बहीण कारखान्यानं कधी काढलीच नाही, तिथे तज्ज्ञ तुलना कशाशी करणार? चेसिसची ताकद सिद्ध करायला मोठा कारखाना नमुन्याच्या गाड्या अक्षरशः मोडून बघतो. एकुलती एक जुनी गाडी मोडून बघता येत नाही. मग गणित, अनुभव आणि अंदाज यांवर निवाडा होतो, आणि तो एका माणसाच्या धैर्यावर अवलंबून राहतो. एक तज्ज्ञ सही देतो, दुसरा देत नाही. ज्याच्याकडे पैसा आणि वेळ आहे तो होकार मिळेपर्यंत तज्ज्ञ शोधत फिरतो. शिवाय तपासणी त्या एका दिवसाची असते. त्यानंतर मालकानं कार्ब्युरेटर बदलला, दाब वाढवला, तर कागद जुनाच राहतो. मी पद्धतीच्या विरोधात नाही. पण 'तज्ज्ञानं पास केलं' या वाक्यावर लोक जेवढा भार टाकतात, तेवढा ते पेलत नाही.

उत्साही : मग दुसऱ्या टोकाचा देश बघू, ब्रिटन. तिथे इंजिन बदलायला आधी परवानगी लागत नाही. बदलल्यावर नोंदणी खात्याला कळवायचं, नवीन इंजिनाचा क्रमांक, क्षमता आणि इंधन सांगायचं, सोबत इंजिनाची पावती किंवा तसाच पुरावा जोडायचा. गाडी इतकी बदलली का, की तिची जुनी नोंदणीच राहू नये, हे ठरवायला त्यांनी अनेक वर्षं गुणांची पद्धत वापरली. मूळ किंवा तशीच नवी, न कापलेली चेसिस वा बॉडी असेल तर ५ गुण. सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २. आणि इंजिनाला फक्त १. एकूण १४ पैकी किमान ८ मिळाले की जुना क्रमांक कायम. म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही बदललं तरी ११ गुण उरायचे. पण एमजीबीसारख्या गाडीला वेगळी चेसिस नसते, बॉडी हीच तिची चेसिस. मोठ्या इंजिनाचे धुराचे पाइप बसावेत म्हणून कुणी इंजिनाच्या कप्प्याची भिंत कापली, तर ते ५ गुणही जायचे, आणि उरायचे ६. मग जुना क्रमांक जायचा, गाडीची नव्यानं एकल तपासणी व्हायची आणि तिला 'क्यू' अक्षराची पाटी लागायची. 'या गाडीचं मूळ सांगता येत नाही' असं ती पाटी जगाला सांगते. त्या पद्धतीला ताकदवान इंजिनापेक्षा पत्र्यावर चाललेला ग्राइंडर मोठा वाटायचा.

साशंक : आणि हेच मला भयंकर वाटतं. इंजिनाला एक गुण! शंभराच्या आतल्या अश्वशक्तीची गाडी दीडशेची झाली, तर तो फरक चौदात एक. त्यात भर म्हणजे तिथे २० मे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. 'गेल्या ३० वर्षांत गाडीत मोठा बदल झालेला नाही' एवढं मालकानं स्वतःच सांगायचं. त्याच कंपनीनं त्या मॉडेलला दिलेलं दुसरं इंजिन असेल तर तो मोठा बदल मानत नाहीत. सिलिंडरांची संख्या बदलली असेल तर मात्र बहुधा मानतात. आता एमजीबीचंच बघा. छताच्या जीटी गाडीत व्ही-८ कारखान्यानं दिलं होतं. उघड्या टपाच्या एमजीबीला त्या काळात ते कधीच दिलं नाही. कारखान्याची उघडी व्ही-८ आली ती पार १९९० च्या दशकात, आरव्ही-८ या वेगळ्या नावानं. म्हणजे तेच इंजिन, तेच ब्रेक, तोच मेकॅनिक. छत आहे तर एक उत्तर, छत नाही तर उत्तरच वादात. यात रस्त्यावरच्या माणसाची सुरक्षितता कुठे आली?

उत्साही : कुठेच नाही आली, आणि मला नेमकं हेच म्हणायचं होतं. ती गुणांची पद्धत 'गाडी सुरक्षित आहे का' हे विचारतच नव्हती. ती विचारायची, 'ही अजून तीच गाडी आहे का?' इंजिनाला एकच गुण का, ते मग समजतं. इंजिन हा झिजणारा, बदलला जाणारा भाग आहे. पन्नास वर्षांच्या आयुष्यात तो एकदा तरी बदलतोच, म्हणून ओळख ठरवताना त्याचं वजन कमी. बॉडी मात्र एकच असते. ओळखीपुरतं ते गणित बरोबर आहे. घोटाळा होतो तो त्याच गणितातून सुरक्षिततेचं उत्तर काढायला गेलं की. जर्मनीचं कलम १९ सुरक्षितता, धूर आणि आवाज विचारतं. ब्रिटनचे गुण ओळख विचारायचे. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. आपण दोघं इतका वेळ भांडतोय, कारण तुम्ही एका प्रश्नाचं उत्तर मागता आणि मी दुसऱ्याचं देतो.

साशंक : वेगळे आहेत हे मान्य. पण ओळखीचा प्रश्न दुय्यम आहे असं तुमच्या बोलण्यात डोकावतंय, ते मान्य नाही. सनबीम टायगरकडेच परत जाऊ. ती मुळात फोर्डचं इंजिन घेतलेली अल्पाइनच. म्हणून साध्या अल्पाइनमध्ये तसंच इंजिन बसवून ती टायगर म्हणून विकणं शक्य झालं, आणि तसं घडलंही. इतकं की अमेरिकेतल्या टायगर मालकांच्या संघटनेला गाड्या तपासून खऱ्या टायगरला प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था उभी करावी लागली. इंजिन बदलणाऱ्या पहिल्या माणसाचा हेतू स्वच्छ असेल. तिसऱ्या-चौथ्या मालकाचा असेलच असं नाही. कागदावर बदल नोंदला गेला नाही, तर हौसेचं रूपांतर फसवणुकीत व्हायला फक्त काळ जावा लागतो.

दुसरं उदाहरण ट्रायम्फ स्टॅगचं. १९७० ते १९७७ मध्ये बनलेल्या या गाडीला ट्रायम्फनं स्वतःचं तीन लिटरचं व्ही-८ दिलं. ते तापायचं, हेड वाकायचं, टायमिंग चेन दगा द्यायची. कंटाळून कितीतरी मालकांनी ते काढून रोव्हरचं व्ही-८ बसवलं. त्या वेळी तो व्यवहारी, शहाणा उपाय होता. पुढे जाणकारांनी त्या मूळ इंजिनाचे दोष समजून घेतले, ते नीट बांधून, नीट थंड ठेवून चालवता येतं हे दाखवलं. आणि आज मूळ इंजिनाच्या स्टॅगला मान आहे. रोव्हरचं इंजिन बसवताना ज्यांनी मूळ इंजिन भंगारात दिलं, त्यांनी एका पिढीच्या सोयीसाठी पुढच्या पिढीची निवड संपवली. जुन्या वाहनांचा जागतिक महासंघ फिव्हा म्हणूनच सांगतो, की बदल करायचाच तर तो परत फिरवता येईल असा करा आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवा. सुरक्षिततेचा कायदा हे सांगणार नाही. ते ओळखीच्या कायद्यालाच सांगावं लागेल.

उत्साही : परत फिरवता येईल असा बदल, ही अट मी आनंदानं मान्य करीन. चांगला कारागीर इंजिनाचं फाउंडेशन बोल्टनं बसवतो, पत्रा कापत नाही, जुनं इंजिन ग्रीस लावून गुंडाळून ठेवतो. पण ओळखीचा कायदा तिथे थांबत नाही. तो काळाचा एक तुकडा निवडतो आणि म्हणतो, यानंतरचं काही आत येऊ देणार नाही. जर्मनीत ३० वर्षांच्या जतन केलेल्या गाडीला 'एच' पाटी मिळते. ही सोय १९९७ पासून आहे. वर्षाचा कर ठरीव १९१.७३ युरो, आणि शहरांच्या पर्यावरण क्षेत्रांत जायला सूट. बदल चालतात, पण ते गाडीच्या पहिल्या दहा वर्षांत झालेले किंवा त्या काळात होऊ शकले असते असे हवेत. म्हणजे १९७२ च्या गाडीत १९७९ चं मोठं, धुरकट इंजिन बसवलं तर ते इतिहासाला धरून. आणि आजचं, इंधन मोजून फवारणारं, धूर शुद्ध करणारं इंजिन बसवलं तर सवलत धोक्यात. गाडी जास्त स्वच्छ आणि जास्त भरवशाची झाली, म्हणून ती कमी ऐतिहासिक ठरली. कोब्राचा जन्म झाला तेव्हा शेल्बींनी जुनंच इंजिन शोधलं असतं का? त्यांनी त्या वर्षी फोर्डकडे असलेलं सगळ्यात नवीन, हलकं व्ही-८ घेतलं. त्या परंपरेला इमान राखायचं म्हणजे दर पिढीनं आपल्या काळाचं चांगलं इंजिन वापरायचं. काळ गोठवून परंपरा पाळता येत नाही.

साशंक : पण सवलत कशासाठी आहे, ते विसरू नका. समाज त्या गाडीचा कर कमी करतो, तिचा धूर सोसतो, कारण ती एका काळाची साक्ष आहे. तुम्ही तिच्यात आजचं इंजिन घातलंत तर ती चांगली गाडी असेल, पण ती साक्ष देत नाही. मग तिनं इतर चांगल्या गाड्यांसारखा कर भरावा. यात अन्याय नाही. तिला रस्त्यावर बंदी केली तर अन्याय होईल, सवलत नाकारली तर नाही.

धुराबद्दल मात्र तुमच्या मुद्द्यात जीव आहे, कारण तिथे देशोदेशीचे कायदे चक्क उलट्या दिशांना तोंड करून उभे आहेत. इंजिन बदललेली जुनी गाडी ब्रिटनमध्ये तपासणीला गेली, तर गाडी आणि इंजिन यांपैकी जे जुनं असेल त्याच्या काळाचं धुराचं माप लागतं. म्हणजे जुन्या गाडीत नवीन इंजिन घाला, माप जुनंच. कॅलिफोर्नियात इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्याहून नवं असावं लागतं, आणि त्या इंजिनाबरोबर मूळ गाडीत आलेली धूर आवरणारी सगळी यंत्रणा जशीच्या तशी आणावी लागते. तिथे राज्यानं नेमलेला पंच ती तपासतो आणि गाडीवर तशी चिकटपट्टी लावतो. १९७५ पर्यंतच्या गाड्या मात्र या धूर तपासणीतूनच बाहेर. एकच गाडी, एकच इंजिन. एका ठिकाणी जुनं माप, दुसऱ्या ठिकाणी नवं, आणि गाडी एका वर्षानं अलीकडची-पलीकडची असेल तर काहीच नाही. तरी कॅलिफोर्नियाची पद्धत मला पटते. ती मालकाला सांगते, हौस कर, पण हवा आधीपेक्षा घाण करू नकोस.

उत्साही : तीच मलाही पटते. नवीन इंजिनाकडे ढकलणारा नियम मला चालतो. पण आता हे सगळे धागे घरी आणू. कॅलिफोर्नियातल्या बे एरियात राहणारा मराठी इंजिनिअर आपल्या डॅटसनमध्ये इंजिन बदलायचं ठरवतो तेव्हा त्याला पंचाकडे जाण्याचा रस्ता ठाऊक असतो. तोच माणूस पुण्यात परत आला आणि इथल्या जुन्या गाडीत तेच करायला निघाला, तर त्याला कुठला रस्ता आहे?

साशंक : जवळपास नाहीच, आणि तो का नाही हे नीट समजून घेऊ. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मुळात सौम्य होतं. नोंदणी अधिकाऱ्याला कळवून, त्याची मंजुरी घेऊन गाडीत बदल करता येई. २००० मध्ये दुरुस्ती झाली आणि भाषाच बदलली : आर.सी. वरचा तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं करायचाच नाही. अपवाद मुख्यतः इंधन बदलण्याचा, म्हणजे मान्य संच बसवून सीएनजी, एलपीजी, बॅटरी. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जयचंद्र खटल्यात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं शिक्षाही आली : बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. जळालेल्या इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवता येतं. बिल दाखवायचं, आरटीओकडून नवीन क्रमांक आर.सी. वर चढवून घ्यायचा. त्यापलीकडे नाही.

हे कठोर आहे, पण त्यामागे आपल्या रस्त्यांचा अनुभव आहे. लांबवलेल्या चेसिसचे ट्रक, वाढवलेल्या आसनांच्या बस, चोरीच्या गाडीचं इंजिन दुसऱ्याच गाडीत. स्पोर्ट्स कारचा हौशी मालक या गर्दीत मूठभर. त्याच्यासाठी ठेवलेल्या दारातून कोण कोण आत शिरेल, याची भीती खोटी नाही.

उत्साही : भीती खोटी नाही, पण उत्तर चुकीच्या प्रश्नाचं आहे. ब्रिटन ओळख विचारतं, जर्मनी सुरक्षितता विचारतं. आपलं कलम ५२ एकच विचारतं : 'उत्पादकानं दिलं होतं तसंच आहे का?' हा ओळखीचा प्रश्न आहे, आणि आपण त्यालाच सुरक्षिततेचं उत्तर मानून बसलोय. याची परिणती बघा. एखादी पेट्रोलची गाडी असेल, तर तिचं इंजिन काढून मान्य संचानं तिला विजेवर चालवायला कायद्यात वाट आहे. त्यासाठी एआयएस-१२३ हे मानक आहे, आणि पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्था असे संच तपासून मान्यता देतात. पण त्याच गाडीत तिच्याच जातीचं, अधिक स्वच्छ पेट्रोल इंजिन घालायला वाट नाही. पहिला बदल गाडीचा स्वभाव मुळापासून पालटतो, दुसरा तिचा आवाज आणि घडण राखतो. मूळ रूप जपणं हाच हेतू असेल, तर हे उलटं झालं.

आणि जुलै २०२१ चे व्हिंटेज गाड्यांचे नियम घ्या. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेल्या गाड्यांना 'व्हीए' पाटी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, रोजच्या आणि धंद्याच्या वापराला मनाई. नियम चांगले आहेत, मी त्यांचं स्वागत केलं. पण अट अशी, की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. आपल्या देशात सुटे भाग मिळत नसताना, आयात बंद असताना, कितीतरी जुन्या परदेशी गाड्या मेकॅनिकांनी मिळेल ते इंजिन, बहुधा डिझेल, बसवून जिवंत ठेवल्या. त्या बदलाला आता चाळीस-पन्नास वर्षं झाली. तो बदल हाच त्यांचा भारतीय इतिहास आहे. तुम्ही काळाची साक्ष म्हणालात ना? टंचाईच्या काळातल्या भारतीय गॅरेजची साक्ष त्याच गाड्या देतात. त्यांना मूळ म्हणता येत नाही आणि नवीनही म्हणता येत नाही. त्यांनी जायचं कुठे?

साशंक : या शेवटच्या मुद्द्यानं माझीच बाजू थोडी हलली. जर्मनी 'त्या काळात झालेला बदल' इतिहासात धरतं, तर आपल्याकडेही जुना, पुरावा असलेला बदल गाडीच्या इतिहासाचा भाग धरायला हवा. ओळख म्हणजे फक्त कारखान्यातला पहिला दिवस, असं मानायचं कारण नाही. पण आज नव्यानं करायच्या बदलाचं काय? तुमचं दार मांडून दाखवा, म्हणजे त्यातून कोण शिरेल ते मला सांगता येईल.

उत्साही : मांडतो. त्यासाठी कायदा नव्यानं लिहायची गरज नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं गाड्यांतल्या बदलांचे निकष आणि मंजुरीच्या अटी ठरवण्याचा अधिकार केंद्राला दिलाच आहे. त्या अधिकारात जुन्या खासगी गाड्यांपुरता एक नियम करावा. मालवाहू आणि प्रवासी वाहनं पूर्ण वगळावी. काम सुरू करण्याआधी आराखडा मान्य करून घ्यावा. इंजिन गाडीपेक्षा जुनं नसावं आणि त्याची धूर आवरणारी यंत्रणा सोबत यावी. ब्रेक, अॅक्सल, स्टिअरिंग यांची तपासणी एआरएआयसारख्या संस्थेनं त्या एका गाडीपुरती करावी. बॉडी कापायची नाही. मूळ इंजिनाचा क्रमांक आर.सी. वर कायम राहावा आणि त्याखाली नवीन इंजिनाचा क्रमांक यावा, म्हणजे पुढच्या खरेदीदाराला सगळं वाचता येईल. व्हिंटेजची सवलत मिळावी की नाही, हा निर्णय वेगळ्या कागदावर, वेगळ्या निकषांनी व्हावा. दोन प्रश्न, दोन शिक्के.

साशंक : आर.सी. वर दोन्ही क्रमांक, याला माझा पूर्ण पाठिंबा. आज बंदीमुळे बदल थांबत नाहीत, लपतात. लपलेला बदल विम्यातून निसटतो, अपघातानंतर बाहेर येतो आणि भोगतो भलताच माणूस. खरं सांगणारा कागद हा अर्धा सुरक्षिततेचा कायदा आहे, हे मी मान्य करतो.

पण तीन अडचणी उरतात आणि त्या मी सोडणार नाही. पहिली, खर्च. आपल्या तपासणी संस्था उत्पादकांच्या नमुन्यांसाठी उभ्या राहिल्या आहेत. एका नमुन्याचा खर्च हजारो गाड्यांवर पसरतो. तुमची गाडी एकच आहे. दार उघडलं आणि उंबरठा लाखोंचा असला, तर गॅरेजमधला गुणी कारागीर बाहेरच राहील आणि श्रीमंत संग्राहक आत जाईल. दुसरी, जबाबदारी. सही करणाऱ्यानं पुढच्या अपघाताचं उत्तरदायित्व घ्यायचं, तर तो सहीच करणार नाही. घ्यायचं नाही, तर त्या सहीला किंमत काय? जर्मनीत ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्या घडत गेली. ती अधिसूचना काढून येत नाही. आणि तिसरी अडचण सगळ्यात खोल आहे. सुरक्षिततेचा प्रश्न अखेर मोजता येतो : ब्रेकचं अंतर, धुराचं प्रमाण, आवाजाची पातळी. ओळखीचा प्रश्न मोजता येत नाही. चौदातले आठ गुण, पहिली दहा वर्षं, पन्नास वर्षांची अट, या सगळ्या माणसांनी आखलेल्या रेषा आहेत. तुम्ही दोन शिक्के मागता. पहिला शिक्का अभियंत्यानं मारावा हे ठरलं. दुसरा कुणी मारायचा? सरकारनं? क्लबांनी? मालकानं? बाजारानं?

उत्साही : पहिल्या दोन अडचणींवर काम करता येईल. गाड्यांचे गट करून, एकदा मान्य झालेली जोडी पुढच्या मालकाला वापरू देऊन खर्च उतरवता येतो, जसं ९१४ ला ९१४/६ चा आधार मिळतो. एका कारागिराचं तपासलेलं काम दहा जणांचं प्रमाण होऊ शकतं. सहीची किंमत ठरवायला विमा कंपन्यांना आधीपासून टेबलावर बसवावं लागेल. तिसऱ्या अडचणीवर माझं उत्तर असं, की दुसरा शिक्का कुणा एकाचा नसावा. कागदानं फक्त काय झालं ते सांगावं : कुठल्या वर्षी, कोणतं इंजिन, कुणी बसवलं, जुनं कुठे आहे. ती अजून तीच गाडी आहे का, हे ज्यानं त्यानं त्या नोंदीवरून ठरवावं.

साशंक : तिथेच मी तुमच्याबरोबर येऊ शकत नाही. ज्या क्षणी समाज कर माफ करतो, तपासणीतून सूट देतो, शहरात जाऊ देतो, त्या क्षणी 'ज्यानं त्यानं ठरवावं' हे संपतं. सवलतीमागे सगळ्यांचा पैसा आणि सगळ्यांची हवा आहे, म्हणून कुणीतरी रेषा आखावीच लागेल, आणि ती कुठेही आखली तरी एखादी इमानानं जपलेली गाडी तिच्या बाहेर राहील. तुमची रेषा सैल असेल तर साक्ष हरवेल. माझी घट्ट असेल तर टंचाईतल्या मेकॅनिकांनी जगवलेल्या त्या गाड्या हरवतील. यातली कुठली हानी आपल्याला सोसवेल, हे ठरवायला मोजमापाचं कुठलंच यंत्र उपयोगी नाही. तोवर पहिला शिक्का तरी दुसऱ्यावाचून अडू नये, एवढं आज मागू. गाडी सुरक्षित आहे की नाही हे विचारायची वाट आधी उघडा. ती कोण आहे याचा वाद आपण चालू ठेवू.